समुद्र गोड होईल, पण कुणासाठी?

आमच्या अब्बांनी कुवेतमध्ये अकरा वर्षे काढली. त्या काळी कोकणातल्या घरांत पत्रांपेक्षा कॅसेटची वाट जास्त बघायचे. गावातले कुणी सुट्टीवर निघाले की अब्बा आपला आवाज टेप करून त्याच्या बॅगेत टाकायचे. दादी टेपरेकॉर्डरसमोर पदर सावरून बसायची, जणू मुलगा समोरच बसलाय. एका कॅसेटमध्ये अब्बा म्हणाले होते, की इथे नदी नाही, आपल्यासारखी विहीर नाही, आम्ही सगळे समुद्राचे पाणी पितो. दादीने आईकडे पाहिले. "समुद्राच्या पाण्याने वजू होतो हे ठाऊक आहे मला. पण पितात?" आईने समजावले की मशीनमध्ये मीठ बाजूला काढतात. त्यावर दादीने विचारले, "मग ते काढलेलं मीठ टाकतात कुठं?"

उत्तर आईकडे नव्हते. पुढच्या कॅसेटमध्ये विचारायचे ठरले आणि ते राहूनच गेले.

मुंबईच्या मनोरीत समुद्राचे पाणी गोड करण्याचा प्रकल्प येणार, अशी बातमी वाचली की मला दादीचा तो प्रश्न आठवतो. बातमी नवी नाही. २०२० च्या अखेरीस या प्रकल्पाला चालना मिळाली, २०२१ मध्ये सविस्तर अहवालासाठी एका इस्रायली कंपनीशी करार झाला, त्यानंतर निविदा निघाल्या आणि पुन्हा निघाल्या. रोज २० कोटी लिटर पाणी, पुढे ते ४० कोटींपर्यंत वाढवता येईल, असा बेत. उभारणीचा खर्च तेव्हा सुमारे १६०० कोटी रुपये सांगितला गेला होता आणि वीस वर्षे चालवण्याचा खर्च त्याहूनही जास्त. आमच्या स्टाफरूममध्ये चर्चा मात्र कंपनी कोणत्या देशाची यावरच रंगली. मला त्यात फार रस वाटला नाही. ज्या पडद्यातून हे पाणी गाळतात तो १९६० च्या आसपास कॅलिफोर्नियात सिडनी लोब हा अमेरिकन आणि श्रीनिवास सौरीराजन हा भारतीय, अशा दोघांनी तयार केला. विचारायचेच असेल तर हे विचारावे, की ते वीस कोटी लिटर जाणार कुणाच्या नळात?

त्याआधी दादीच्या प्रश्नाचे उत्तर देते, कारण ते आता मला सापडले आहे.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. ते वेगळे करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. जुनी म्हणजे पाणी तापवून वाफ करायची आणि ती थंड करायची. जेद्दाहमध्ये तेलाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, ऑटोमन राजवटीत, अशी भट्टी होती. कंडेन्सर या शब्दाचे अरबांनी 'किंदासा' करून टाकले. कुवेतमध्ये तर एके काळी शत्त अल-अरबमधून होड्या भरभरून गोडे पाणी आणत, १९५० च्या दशकात मोठी यंत्रे आली तेव्हा होड्या बंद झाल्या. नवी रीत पडद्याची आहे. ५५ ते ७० पट हवेच्या दाबाने पाणी पडद्यावर रेटायचे, पाणी पलीकडे जाते, मीठ अलीकडे राहते. यात सगळे पाणी गोड होत नाही. निम्म्याहून कमी गोड होते आणि उरलेले दुप्पट खारट होऊन परत समुद्रात सोडतात. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठातील संशोधकांनी जगभरच्या जवळपास १६,००० प्रकल्पांचा हिशेब मांडला, तेव्हा गोड पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे सरासरी दीड लिटर असे खारे पाणी निघत असल्याचे दिसले.

म्हणजे दादी, मीठ समुद्रातच टाकतात. पण नळीच्या तोंडाशी, एका ठिकाणी, सोबत यंत्र साफ करण्याच्या रसायनांचे अंश घेऊन. मनोरी, गोराई, मढ या किनाऱ्यावर कोळी बांधव मासेमारी करतात. ते खारे पाणी किती खोल, किनाऱ्यापासून किती दूर आणि कसे पसरवून सोडणार, हे त्यांना आधी समजावून सांगायला नको का? त्यांनी विचारले की त्यांना विकासाचे विरोधक म्हणायचे, ही आपली सवय झाली आहे.

विजेचाही हिशेब करू. हजार लिटरला तीन ते चार युनिट लागतात. वीस कोटी लिटरला रोज सहा ते आठ लाख युनिट. ती वीज कोळशाची असेल तर आपण इथे तहान भागवून तिकडे पाऊस बिघडवणार.

इतके सांगूनही मी या प्रकल्पाच्या विरोधात नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. मुंबईला रोज सुमारे ४०० कोटी लिटर पाणी मिळते. त्यातले बहुतेक भातसा, तानसा, मोडकसागर, वैतरणा या धरणांतून, म्हणजे ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरांतून येते. शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांच्या उशाशी ही धरणे आहेत आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यात टँकर फिरतात. आता गारगाई धरणासाठी वाडा तालुक्यातले जंगल आणि गावे बुडवायची चर्चा आहे. मुंबईसारख्या श्रीमंत शहराने आपल्या पायाशी असलेला समुद्र वापरावा आणि आदिवासींच्या उशाचे पाणी थोडे तरी सोडावे, हा युक्तिवाद मला पटतो. चेन्नईने ते केले आहे. मिंजूरचा प्रकल्प २०१० मध्ये, नेम्मेलीचा २०१३ मध्ये, तिथलाच दुसरा २०२४ मध्ये. २०१९ मध्ये चेन्नईचे तलाव आटले आणि जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा समुद्राच्या या पाण्याने शहराला आधार दिला.

पण चेन्नईनेच दर काय पडतो तेही दाखवले. मिंजूरच्या करारात सुरुवातीचा दर हजार लिटरला सुमारे ४८ रुपये होता. मुंबईत घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला पाच-सहा रुपयांच्या आसपास आहे. हे ऐकून आमचे एक सहकारी म्हणाले, "एवढं महाग पाणी गरिबाला कसं परवडणार?" मी दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न नववीच्या वर्गात नेला.

मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. गणित माझा विषय नाही, त्यामुळे मुलांना जरा गंमत वाटली. आमची बरीच मुले खाडीजवळच्या वस्तीतून येतात, जिथे कित्येक घरांना नळ नाही. मी विचारले, प्यायचे पाणी कसे घेता? वीस लिटरचा जार, तीस रुपये, असे उत्तर आले. कुणी म्हणाले चाळीस. तिसाचाच धरला. फळ्यावर भागाकार केला तर हजार लिटरला १,५०० रुपये झाले. वर्ग शांत झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "टीचर, तुम्ही किती देता?" माझ्या सोसायटीचे बिल मी सांगितले. मला ते सांगताना बरे वाटले नाही.

तेव्हा ४८ रुपयांचे पाणी गरिबाला महाग नाही, ते त्याला आजच्या तिसाव्या भागात पडेल. अडचण एवढीच की ते त्याच्यापर्यंत पोचणार नाही. समुद्राचे गोड केलेले पाणी वेगळ्या नळाने येत नाही. ते त्याच जुन्या जलवाहिन्यांत मिसळते आणि जिथे नळ आहे तिथेच जाते. ज्याला आज रोज भरपूर मिळते त्याला थोडे अधिक मिळेल. ज्याला नाही त्याला धरणाचेही मिळत नव्हते, समुद्राचेही मिळणार नाही. मुंबईच्या पाण्यापैकी पाव ते एक तृतीयांश पाणी गळतीत, चोरीत आणि हिशेबाबाहेर जाते, असे वेगवेगळे अधिकृत आकडे सांगतात. पाव म्हटले तरी १०० कोटी लिटर. मनोरीच्या पाचपट. त्यातली सगळी गळती थांबवता येत नाही हे मला समजते. पण निम्मी जरी थांबली तरी दोन मनोरी उभ्या राहतील, तेही एक युनिट वीज न जाळता.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर स्पष्ट सांगितले, की झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाचे पिण्याचे पाणी नाकारता येत नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' हे धोरणही आले. कागद आहे. माझी मागणी साधी आहे: मनोरीच्या प्रकल्पात ज्या वस्त्यांना आज नळ नाही त्यांच्यासाठी पहिले किती कोटी लिटर राखून ठेवणार, हे निविदेच्या आधी लिहून द्या. आणि गारगाईचे काय करणार तेही. समुद्रही वापरायचा आणि जंगलही बुडवायचे, असे होणार असेल तर या पाण्याला पर्याय म्हणू नका.

दर दुष्काळात कुणीतरी म्हणतेच, "एवढा समुद्र आहे, पाण्याची चिंता कशाला?" २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले तेव्हाही हे ऐकले. लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आणि किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर. गोड केलेले पाणी तिथवर चढवायचे म्हटले तर त्या विजेच्या खर्चात माणसे लातूरहून मुंबईत आणून बसवणे स्वस्त पडेल. मराठवाड्याचे उत्तर मराठवाड्याच्या पावसात, उसाच्या हट्टात आणि भूजलात शोधावे लागेल.

आणि आमच्या कोकणाचे? इथे मला आपल्याच लोकांना दोन शब्द सुनवायचे आहेत. कुवेतमध्ये वर्षाला जेमतेम सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांहून जास्त. तरी एप्रिलमध्ये आमच्या गावात टँकर येतो. जांभ्या दगडात पाणी टिकत नाही, सड्यावरून धावत सुटते आणि काही तासांत खाडीला मिळते. कोयनेचे वीज तयार करून झालेले पाणी, वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत, पोफळीतून वाशिष्ठीत येते आणि त्यातले बहुतेक दाभोळच्या खाडीतून समुद्रात जाते. दिवसाला सरासरी ५०० कोटी लिटर. मुंबईच्या पूर्ण पाण्यापेक्षा जास्त. ते मुंबईला नेणे खर्चाचे आहे, मान्य. पण चिपळूण, गुहागर, दापोली, खेडच्या वाड्यांना नेणेही जमू नये? गोडे पाणी खारे होऊ द्यायचे आणि मग खारे पाणी गोड करायचे ही घाई माझ्या तरी समजण्यापलीकडची आहे.

सरकारला बोलून झाले, आता आपण. गल्फच्या पैशाने आपल्या गावांत बंगले झाले, संगमरवरी फरशा आल्या, कमानी उभ्या राहिल्या. पिढ्यान्‌पिढ्या पाणी देणाऱ्या विहिरीचा गाळ काढायला मात्र जमातीच्या बैठकीत पैसे निघत नाहीत. ज्याने त्याने आपापल्या अंगणात बोअर मारली. खाडीकाठच्या कित्येक बोअर आता खारट झाल्या, कारण गोडे पाणी जास्त उपसले की त्या जागी समुद्र आत सरकतो. पाऊस संपता संपता सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायला एक दिवस आणि वीस माणसे लागतात. वीस माणसे मिळत नाहीत.

समुद्राशिवाय खरोखर गत्यंतर नाही अशी जागा मला माहीत आहे: लक्षद्वीप. पोवळ्यांची बेटे, वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळसा थर, पंप जरा जोरात चालला की खारे पाणी वर येते. तिथे कवरत्तीला २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने रोज एक लाख लिटरचा प्रकल्प उभा केला. पडदा नाही, भट्टी नाही. वरचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफाळवायचे आणि साडेतीनशे मीटर खोलीवरच्या थंड पाण्याने ती वाफ थंड करायची. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही तसेच प्रकल्प झाले. लहान, त्या जागेला साजेसे, आणि पाणी बेटावरच्या लोकांना. मला हे आवडते.

कुवेतच्या पाण्याचा शेवट आमच्या घरात असा झाला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा शिरल्या. अब्बा अम्मानमार्गे, विमानाने, एका पिशवीसह परत आले. मी तेव्हा चौथीत होते. पुढच्या वर्षी इराकी सैन्याने आखातात तेल सोडले, सौदीतल्या जुबैलच्या प्रकल्पात ते जाऊ नये म्हणून समुद्रात तरंगते अडसर टाकावे लागले. कुवेतचे प्रकल्पही मोडून पडले होते. अब्बा रेडिओवर हे ऐकताना म्हणायचे, नळ बंद झाला तर त्या देशात तीन दिवस काढणे कठीण. घरी पोचल्यावर त्यांनी जेवणाआधी विहिरीचे पाणी मागितले होते. पावसाळा नुकताच सरला होता, विहीर काठोकाठ होती. एप्रिलमध्ये तिचा तळ दिसला तेव्हा ते काही बोलले नाहीत.

त्या भागाकारानंतरच्या आठवड्यात मी नववीला औपचारिक पत्राचा सराव दिला: वस्तीत नळजोडणी मिळावी म्हणून अधिकाऱ्यांना पत्र. मुलांनी मन लावून लिहिले, 'महोदय'नंतरचा स्वल्पविरामसुद्धा कुणी विसरले नाही. एका मुलीने हात वर केला. "टीचर, पत्त्यात घर नंबर काय लिहू? आमच्या घराला नंबरच नाही."

मी म्हटले, मशिदीच्या मागे, खाडीजवळ, असे लिही.