राखणीच्या बंदुकीची टोपी



सोयाबीन पेरण्याआधी आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण पाहतो. बंदुकीच्या टोपीची अशी उगवण पाहता येत नाही. ती एकदाच फुटते. म्हणून ती घेतानाच पारखावी लागते.

1959 च्या शस्त्र कायद्यात पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. परवाना असलेले दारू-छर्रे नीट पाहतात, टोपीकडे मात्र कोणी पाहत नाही. कळमनुरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने हरभऱ्यातली डुकरे हाकलायला माळ्यावरून चाप ओढला. नुसता ‘टक्’ आवाज झाला. काय झाले म्हणून त्याने बंदूक आडवी घेतली, आणि तेवढ्यात बार उडाला. शिडीवर त्याचा मुलगा होता. छर्रे हातभर अंतरावरून बांधात गेले. टोपी दोन पावसाळे फडक्यात बांधून ठेवलेली होती.

घोड्याच्या ठोक्याने टोपीतला मसाला पेटतो व त्याची ठिणगी बारीक छिद्रातून दारूपर्यंत जाते. मसाला सर्दला तर ठिणगी दुबळी पडते. मग बार उडतच नाही, किंवा उशिरा उडतो. हा उशीरच घात करतो.

म्हणून एवढे पाळा. टोप्या परवानाधारक दुकानातूनच, बंद डबीत घ्या, पावती घ्या. हिरवट पडलेली, चेपलेली, मसाला सुटलेली टोपी वापरू नका. टोपी बोंडीवर घट्ट बसावी. सैल असली तर गळते, लहान असली तर पुरती बसत नाही. ठोकून बसवू नका. डबी कोरड्या जागी, चुलीपासून व दारूपासून दूर, मुलांचा हात पोचणार नाही अशी कुलपात ठेवा.

बार न उडाल्यास नळी मोकळ्या जमिनीकडे धरून पुरे एक मिनिट थांबा. आत डोकावू नका. मगच टोपी काढा.

आगकाडीचा गूल भरून घरी टोप्या करू नका. त्यात बोटे जातात, डोळे जातात, आणि विनापरवाना दारूगोळा बनवणे हा गुन्हाही आहे. वन विभागाच्या परवानगीशिवाय रानडुकराला वा रोह्याला मारणे हाही 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. नुकसान झाले तर वन कार्यालयात लगेच अर्ज द्या, पंचनामा करून घ्या.

पीक पुढच्या हंगामात पुन्हा येते. शिडीवरचे पोर पुन्हा येत नाही.