स्त्रीराज्य शेवटी नाहीसंच का होतं?

हाँगकाँगचे दिग्दर्शक स्टीफन चाऊ यांचा 'जर्नी टु द वेस्ट' (२०१३) मी इथे जामला घरी बसून पाहिला आणि पोट धरून हसलो. त्यात शू छी या नटीने राक्षस पकडणारी बाई रंगवली आहे. मारामारीत ती कुणाला हार जात नाही, आणि एका भोळ्या भिक्षूशी लग्न करायचं म्हणून हात धुऊन त्याच्या मागे लागते. हा भिक्षू म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला आपला ह्युएनत्संग बरं का! खरा ह्युएनत्संग सातव्या शतकात, पुलकेशीच्या काळी, महाराष्ट्रात येऊन गेला होता. त्याच्यावर रचलेल्या सोळाव्या शतकातल्या चिनी कादंबरीत तो एका स्त्रीराज्यातही पोचतो. तिथली राणी त्याला नवरा करू पाहते, तो निसटतो.

मच्छिंद्रनाथ आठवले ना? १९३२ साली कोल्हापूरच्या 'प्रभात'ने 'माया मच्छिंद्र' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि स्त्रीराज्याची राणी किलोतला म्हणजे दुर्गा खोटे. जवळ पाळलेला चित्ता, चालण्याबोलण्यात रुबाब. घरंदाज बाईने सिनेमात जाणं हा अब्रूचा प्रश्न होता, त्या काळातली ही गोष्ट!

पण शेवट काय? ते सगळं राज्य गुरूने रचलेली माया होती, हे गोरखनाथाला कळतं. चिनी सिनेमातली ती शूर बाईही शेवटी मारली जाते आणि तिच्या मरणाने भिक्षूचे डोळे उघडतात. दोन्हीकडे ज्ञान पुरुषाला, किंमत मात्र बाईने मोजायची.

कुणी म्हणेल, गुरुजी, या वैराग्याच्या कथा, त्यात पाश तुटणारच. मान्य. पण पाश म्हणजे दरवेळी बाईच का?

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलीच्या हाती पुठ्ठ्याची तलवार यायची ती झाशीच्या राणीची, नाहीतर दुर्गेची. एक धारातीर्थी पडायची, दुसरीला आरती ओवाळायची. लढून, जिंकून, हसत घरी जेवायला येणारी साधी मुलगी मी रंगमंचावर पाहिली नाही. पडद्यावर नादियाची 'हंटरवाली' १९३५ सालीच जिंकून गेली, पण तिचा धडा आपण पुढे गिरवला नाही.

आठवीतल्या मुलीला शौर्य शिकवायचं, तर तिला हुतात्मा किंवा देवी होण्यावाचून तिसरी वाटही दाखवायला हवी. नाहीतर शूर होणं म्हणजे संपणं, एवढंच ती शिकेल.

असो. अशी जिंकणारी, हसणारी बाई तुमच्या पाहण्यात असेल, तर जरूर कळवा.