राखणदाराला गावाचा पत्ता हवा

१७ एप्रिल २०२१. कर्जत मार्गावरचं वांगणी स्थानक. दृष्टिहीन आईबरोबर फलाटाच्या कडेने चाललेला लहान मुलगा तोल जाऊन रुळांवर पडतो. समोरून एक्स्प्रेस भरधाव येते आहे. मूल नेमकं कुठे पडलं हे आईला कळत नाही, ती फलाटावर बसून हाताने चाचपत राहते. तेवढ्यात पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून थेट गाडीच्या दिशेने धावत येतात, मुलाला उचलून फलाटावर ठेवतात आणि स्वतः वर चढतात. पुढच्याच क्षणी गाडी धडधडत निघून जाते.

सीसीटीव्हीत टिपलेले ते काही सेकंद देशभर पाहिले गेले. मिळालेल्या ५० हजार रुपयांच्या बक्षिसातली अर्धी रक्कम शेळके यांनी त्या मुलाच्या कुटुंबाला देऊ केली. त्या दिवसांत बातमीदारांपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी त्यांच्यासाठी एकच शब्द होता, सुपरहिरो. कॉमिक्स वाचणाऱ्यांना तर ती घटना चौकटींतच दिसली असणार: इंजिनाचा दिवा, धावणारी पावलं, मुलाचा वर आलेला हात. पण ठाणे जिल्ह्यात घडलेली ही गोष्ट ज्यात शोभली असती, असं दर महिन्याला निघणारं मराठी सुपरहिरो कॉमिक आज स्टॉलवर दिसत नाही. मराठी प्रकाशन व्यवहारातली ही उणीव खरी आहे, आणि ती भरून काढायला ठाणे, कल्याण, डोंबिवलीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

वाचक नाहीत, असं कुणी म्हणू नये. अमेरिकेत नवी कॉमिक्स बुधवारी दुकानात येतात आणि मार्व्हल, डीसीचे बहुतेक अंक त्याच दिवशी डिजिटल रूपातही निघतात. बुधवारी रात्री परतीच्या लोकलमध्ये मुंब्र्यानंतर टेकायला जागा मिळालेला डोंबिवलीकर तरुण न्यूयॉर्कच्या वाचकाच्या जोडीने नवा अंक मोबाइलवर उघडू शकतो. गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच्यासमोर आलेल्या अंकांत काही खरोखरच चांगले आहेत.

‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ ही जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेली मालिका त्यांत सर्वांत सरस. जोनाथन हिकमन यांचं लेखन, मार्को केकेट्टो यांची चित्रं. इथला पीटर पार्कर शाळकरी नाही. पस्तिशीच्या आसपासचा, बायको आणि दोन मुलं असलेला गृहस्थ आहे, आणि शक्ती त्याला या वयात मिळते. मग बायकोला कधी सांगायचं, मुलांना किती कळू द्यायचं, रात्री घरी कितीला यायचं, हे प्रश्न खलनायकाइतकेच मोठे होतात. मारामारीची पानं संपवून जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांसाठी वाचक थांबतो, हे या मालिकेचं यश.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘अॅब्सोल्यूट बॅटमॅन’ची खूप वाहवा झाली. स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांनी ब्रूस वेनची श्रीमंती काढून घेतली. त्याचे वडील शिक्षक होते, तो स्वतः अभियंता आहे, राहायला हवेली नाही. कल्पना जोरकस आहे आणि ड्रॅगोटांच्या पानांत दम आहे. पण छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह उपसून त्याची कुऱ्हाड होते आणि अवयव तुटू लागतात, तेव्हा हाच नायक सामान्य माणसांपासून दूर जातो. कष्टकरी घरातल्या मुलाचा राग दाखवायला इतकं रक्त सांडण्याची गरज नव्हती.

या दोन्ही मालिकांनी जुन्या नायकाला घरभाडं आणि नोकरीच्या जगात आणलं, आणि हे जग उपनगराला नवं नाही. ऑगस्ट १९६२ मध्ये जन्मलेला पीटर पार्कर पहिल्यापासून क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्सचा. उंच इमारती आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये, घर मात्र अलीकडे. २०१४ मध्ये ‘मिस मार्व्हल’ म्हणून स्वतःची मालिका मिळालेली कमला खान जर्सी सिटीची, म्हणजे हडसन नदीच्या दुसऱ्या काठाची. लेखिका जी. विलो विल्सन यांनी तिची मशीद, तिची शाळा, कोपऱ्यावरचं दुकान इतक्या मायेने उभं केलं की पहिल्या संग्रहाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. महानगराकडे रोज जाणारी आणि रात्री परतणारी माणसं, दोन्हीकडचं ओझं वाहणारी मुलं, हीच या गोष्टींची माती आहे. ठाण्याच्या खाडीअलीकडे राहणाऱ्याला ती ओळखीची वाटली नाही तरच नवल.

मराठी वाचकाला तर अशा नायकाचं नावही फार पूर्वी सापडलं होतं. टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि ली फॉक यांचा १९३६ सालचा ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. या नामांतराला दाद द्यावी तेवढी थोडी. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार. रात्री तो शिवेवरून फेरी मारतो अशी श्रद्धा आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण चालून चालून त्याच्या झिजतात. ठाणे-डोंबिवलीतल्या हजारो घरांची मुळं कोकणात आहेत. त्या घरातल्या मुलाच्या हातात वेताळाचा अंक पडला, तेव्हा जंगलात राहणारा मुखवटेधारी परदेशी असूनही परका उरला नाही. आजीच्या गोष्टीतला राखणदारच कवटीची अंगठी घालून आला होता.

इंद्रजालचे आठशेहून अधिक अंक निघाले आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. त्यातली एक देणगी मात्र विसरता कामा नये. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ आणला. त्याच्याकडे अचाट शक्ती नव्हती. दरोडेखोरांशी लढण्यासाठी त्याने गावकऱ्यांना एकत्र करून ‘नागरिक सुरक्षा दल’ उभारलं. एकट्याने मारत सुटण्याऐवजी शेजाऱ्यांना उभं करणारा नायक भारतीय कॉमिक्सने पन्नास वर्षांपूर्वीच घडवला होता.

चित्रकारांची वाण तर महाराष्ट्राला कधीच नव्हती. ‘टिंकल’मधला सुपंडी राम वाईरकरांच्या हातातून उतरला, शिकारी शंभू वसंत हळबे यांच्या. राज कॉमिक्सच्या नागराजाला सुरुवातीच्या काळात रूप दिलं ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. इथल्या कुंचल्याने घडवलेली ही पात्रं देशभर लाडकी झाली, पण नागराज हिंदीत बोलला आणि शंभू आधी इंग्रजीत.

मुंबईलाही कॉमिक्समधून नायक मिळाले. राज कॉमिक्सचा डोगा नव्वदच्या दशकात कुत्र्याचा मुखवटा चढवून मुंबईच्या रस्त्यांवर उतरला. त्याचे अंक स्टेशनांवरच्या स्टॉलवरून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत चढत. गुन्हेगारी मुळापासून उपटायची ही त्याची जिद्द पकड घेणारी, पण उपाय कायम बंदुकीचा. २००४ मध्ये ‘स्पायडर-मॅन इंडिया’ आला. शरद देवराजन यांच्या चमूचं लेखन, जीवन कांग यांची देखणी चित्रं. त्यातला पवित्र प्रभाकर गावाहून मुंबईत शिकायला येतो, एका योग्याकडून त्याला शक्ती मिळते आणि तो धोतर नेसून इमारतींवरून झेपावतो. चित्रं सुंदर असूनही ती मुंबई परदेशी वाचकाला भेट पाठवायची मुंबई वाटते. त्या मुलाला कधी पासाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. २०२३ च्या ‘अॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ चित्रपटात हाच पवित्र पुष्कळ जिवंत झाला. ‘चाय टी’ म्हणणाऱ्याला तो तिथल्या तिथे सुनावतो. भारतात हा चित्रपट दहा भाषांत आला आणि त्यांत मराठी होती. स्पायडर-मॅनला मराठी बोलायला जमलं, तर मराठी मुलाला स्पायडर-मॅन व्हायला काय हरकत आहे?

डोंबिवलीने एक एकांडा शिलेदार पाहिलाही आहे. निशिकांत कामत यांच्या २००५ सालच्या ‘डोंबिवली फास्ट’मधला माधव आपटे, बँकेतला साधा नोकरदार, एके दिवशी क्रिकेटची बॅट घेऊन भ्रष्टाचारावर तुटून पडतो. संदीप कुलकर्णी यांनी त्याची घुसमट अशी उभी केली की प्रत्येक चाकरमान्याला तो आपल्याच डब्यातला वाटला. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपटे यांची गोष्ट लोकलमध्येच त्यांच्या मृत्यूने संपते. राग खरा होता, सोबत कुणी नव्हतं. नव्या मराठी कॉमिकने तिथून पुढे सुरुवात करावी आणि आपट्यांच्या हातातली बॅट खाली ठेवून बहादूरचं दल त्यांच्या मागे उभं करावं.

विषय शोधत फिरावं लागणार नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीने भरलेल्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले. त्या दारात लटकणाऱ्यांची रोजची कसरत कुठल्याही छपरावरच्या उडीपेक्षा जास्त थरारक आहे. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढलं गेलं, आणि आसपासचे गावकरी मदतीला धावले. खारफुटी गिळणारे भराव, रात्री-अपरात्री रूळ तपासत चालणारा कामगार: खलनायक आणि नायक दोन्ही दारात उभे आहेत.

छापील कॉमिक खपणार नाही, ही शंका प्रकाशक नेहमी काढतात. २१ नोव्हेंबर १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये आलेल्या चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने तिचं उत्तर दिलं आहे. तीन-चार चौकटींच्या त्या मुलाने घराघरात जागा मिळवली आणि २०१२ मध्ये तो पडद्यावरही गेला, कारण त्याचं घर आणि त्याचे मित्र वाचकाच्या ओळखीचे होते. ‘टिंकल’ने मिझोरामच्या मापुई या शाळकरी मुलीला ‘विंगस्टार’ केलं, तेव्हा ईशान्येच्या मुलांना प्रथमच आपल्या भागातली नायिका मिळाली. जो नायक एका ठिकाणचा असतो, तोच दूरवर आवडतो.

या पट्ट्याकडे पुस्तकांची घरंही आहेत. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदान-प्रदान सोहळ्याला लोक पिशव्या भरभरून पुस्तकं आणतात. २०१० मध्ये ठाण्याने आणि २०१७ मध्ये डोंबिवलीने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवून दाखवलं. या संस्थांनी कॉमिक्ससाठी एक कपाट द्यावं, शनिवारी दुपारी एक टेबल आणि एक चित्रकार द्यावा. वर्तमानपत्रांनी रविवारच्या पुरवणीतलं एक पान द्यावं, जिथे गोष्ट क्रमशः चालेल. शाळांनी हे पान वर्गात वाचू द्यावं. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठीचं पुस्तक जड वाटत असेल, तर चित्राच्या आधाराने तो वाक्य नक्की पुरं करेल.

पहिल्या अंकाला चोवीस पानं पुरेत. मयूर शेळके यांची परवानगी घेऊन, त्यांना रीतसर मानधन देऊन गोष्ट वांगणीपासून सुरू करता येईल. धावणं, उचलणं, गाडीची धडधड, हे सगळं कुठलाही चांगला चित्रकार काढेल. शेवटची मोठी चौकट मात्र गाडीची नको. फलाटावर बसलेल्या त्या आईचा चाचपडणारा हात आणि त्या हाताला लागलेलं मुलाचं डोकं, एवढंच त्या पानावर असावं.