काळ्या मातीचे माहेर

सोलापूरची ज्वारी पिकविणारी काळी माती ज्या खडकाच्या झिजेतून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा गोठलेला लाव्हारस होय. सह्याद्रीचे कडेही त्याचेच. ते जवळून पाहावयाचे, तर सातारा जिल्ह्यातील वासोट्याची वाट धरावी. वनखात्याची परवानगी घेऊन बामणोलीहून नावेने शिवसागर जलाशय ओलांडावा आणि वाटाड्यासह कोयना अभयारण्यातील घनदाट रान चढावे. पावसाळ्यात ही वाट बंद असते. रानात मुक्कामास मनाई असून दिवस मावळण्यापूर्वी परतावे लागते. साधुसाध्वींचा विहार चातुर्मासात थांबतो हे जाणणाऱ्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबांस हे नियम परके वाटू नयेत.

मात्र नावेखालच्या पाण्यात कोयना धरणाने बुडविलेली गावे आहेत, याचा विसर पडू नये. राज्यातील कारखान्यांना वीज मिळाली. तिचे मोल या खोऱ्यातील माणसांनी घरेदारे सोडून दिले. म्हणून नावाड्याशी वा वाटाड्याशी मजुरीची घासाघीस करू नये. खतावणीत नोंद नसली, तरी हे देणे खरे आहे.