पडद्याची मागची बाजू

बेळ्ळंदूरसारख्या उपनगरात दोन बेडरूमचा फ्लॅट म्हणजे एक खोली मुलांची, एक नवरा-बायकोची. मग बेळगावहून किंवा पुण्याहून कायमच्या राहायला आलेल्या सासूबाईंची खाट पडते ती हॉलमध्ये. दारावरची बेल वाजली, की बिचाऱ्या पदर सावरत उठून बसतात. दोरीवर पडदा लावावा, तर हॉलचे इस्पितळ होते!

जपानी घरांत यासाठी घडीचा पडदा असतो. त्याचे नाव ब्योबू, म्हणजे वारा अडवणारा. हलक्या लाकडी चौकटींवर कागद ताणून केलेले दोन, चार किंवा सहा पट कागदी बिजागऱ्यांनी जोडलेले असतात. हवा तिथे उभा करावा, काम झाले की मिटून ठेवावा. तो सरळ ताणला तर पडेल; नागमोडीच उभा राहतो. त्यामुळे त्यावरची फुले काही पुढे येतात, काही मागे सरतात आणि बघणारा बागेतून चालल्यासारखा होतो.

तोक्योच्या नेझू संग्रहालयात ओगाता कोरिनने अठराव्या शतकाच्या आरंभी रंगवलेली पडद्यांची जोडी आहे. सोन्याच्या वर्खावर निळी आयरिसची फुले आणि हिरवी पाती, बस्स! पाणी कुठेच काढलेले नाही, तरी ते जाणवते. (बेळ्ळंदूर तलावाची गत नेमकी उलटी झाली होती. पाणी होते, पण वर पसरलेल्या जलपर्णीमुळे ते दिसतच नसे.)

आपण पडदा करताना चेरीचा बहर कशाला उसना घ्यायचा? लालबागेची धुरा १९०८ ते १९३२ वाहणाऱ्या क्रुम्बिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने बेंगळुरूच्या रस्त्यांसाठी झाडे अशी निवडली, की एकाचा बहर ओसरताना दुसऱ्याचा सुरू व्हावा. गुलाबी टॅबेबुया, जांभळा जॅकरांडा, मग गुलमोहर. चार पटांचा मजकूर खिडकीबाहेरच तयार आहे.

सुताराकडून पाच फूट उंच, हलक्या लाकडाच्या चार चौकटी करून घ्या. बिजागऱ्या एक आड एक उलट्या बसवायला सांगा. मांजरपाट ताणून बसवा आणि कापडावरच्या रंगांनी रंगवा. हात साधारण असला तरी चालेल. फुले मात्र मोठी काढा.

आता मागची बाजू. साकाई होइत्सूने १८२१च्या सुमारास कोरिनच्याच एका पडद्याच्या पाठीवर चित्रे काढली. पुढे वादळाचे दोन देव होते, एक मेघगर्जनेचा, दुसरा वाऱ्याचा. मेघदेवाच्या मागे त्याने पावसाने झोडपलेली उन्हाळी रोपे काढली आणि वायुदेवाच्या मागे वाऱ्याने वाकलेले शरदातले गवत, सारे चांदीच्या वर्खावर. आपल्याकडे पाहुण्यांना दिसणारी बाजू सजते आणि खाटेकडची कोरी राहते. रात्रंदिवस तिच्याकडे बघायचे असते ते सासूबाईंनी. तेव्हा त्या बाजूला काय काढायचे, ते त्यांनाच विचारा. परसातली अबोली म्हणतील, गणपतीतला तेरडा म्हणतील, किंवा नुसते दारचे तुळशीवृंदावन.