कोरा रकाना म्हणजे समता नव्हे

मंडळी, येत्या जनगणनेत प्रत्येकाची जात विचारण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. तेव्हापासून चार इमलीतल्या आपल्या मराठी घरांतून एकच सूर ऐकू येतो : "आम्ही जातपात मानत नाही, आम्ही काही लिहून देणार नाही." ऐकायला फार उदात्त वाटते. पण हीच मंडळी वधू-वर सूचीत पोटजात, शाखा, गोत्र न चुकता भरतात. लग्नाला जात चालते आणि सरकारी कागदाला चालत नाही, हा कुठला हिशेब?

मी बँकेतला साधा कारकून. वहीत नोंद केली नाही म्हणून देणे फिटत नाही, एवढे मला कळते. सगळ्या जातींचे आकडे प्रसिद्ध झाले ते शेवटचे १९३१ च्या जनगणनेचे. १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या. बाकी सगळे अंदाजपंचे. त्याचा फटका आपल्या माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही राज्यांना बसला. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांच्या ओबीसी जागांवरील निवडणूक थांबवली, कारण आरक्षणाला आधार देणारी आकडेवारीच नव्हती. १० मे २०२२ रोजी मध्य प्रदेशालाही ओबीसी आरक्षणाविना निवडणुका घ्या, असे सांगितले गेले. आयोगाचा अहवाल पुढे ठेवला तेव्हा कुठे १८ मे रोजी परवानगी मिळाली. आरक्षणाच्या बाजूचे असा की विरोधातले, आकड्यांवाचून दोघांचेही भांडण हवेतलेच.

विरोधकांची भीती मात्र खोटी नाही. अमेरिकेत १९४२ साली जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबताना जनगणनेच्या आकड्यांचा उपयोग झाला. रवांडात १९९४ च्या कत्तलीत ओळखपत्रावरची जमात पाहून माणसे मारली गेली. पण याचा धडा काय? तिजोरी फोडली जाते म्हणून आपण बँक बंद करत नाही, कुलूप पक्के करतो. १९४८ च्या जनगणना कायद्यात तसे कुलूप आहे : कलम १५ नुसार व्यक्तीची नोंद कुणाला पाहता येत नाही, न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. ते कुलूप मोबाईलवरच्या मोजणीतही शाबूत राहावे, ही मागणी आपण जोरात करू. उलट फ्रान्सची जनगणना वंश विचारत नाही. म्हणून तिथला भेदभाव संपला नाही, तो मोजणे तेवढे अवघड झाले.

सरकारलाही दोन शब्द सुनावलेच पाहिजेत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत लोकांनी सांगितलेली जातींची नावे भरली तब्बल ४६ लाख! १९३१ साली ती ४,१४७ होती. आधी यादी नाही, प्रगणकाला शिक्षण नाही, आणि शेवटी जातींचे आकडे बासनात. लोकांना विचारायचे आणि उत्तर दडपायचे, ही लोकांची फसवणूक आहे.

आता आपले घरचे. इकडे हिंदी भाषिकांच्या लेखी प्रत्येक मराठी माणूस 'मराठा'. आडनाव ऐकून प्रगणकाने तसे लिहिले आणि आपण "चालतंय" म्हटले, तर देशस्थापासून धनगरापर्यंत सगळे एकाच रकान्यात! ज्याला खरोखर जात नको, त्याला 'जात नाही' असे लिहून घेण्याची मुभा हवी. तीही नोंदच आहे. कोरा रकाना मात्र दुसराच कुणीतरी भरतो.

मातृभाषेचेही तेच. १९५६ साली नागपूरहून राजधानीबरोबर भोपाळला आलेल्या कुटुंबांची तिसरी पिढी सर्रास 'हिंदी' सांगते. जनगणनेच्या व्याख्येत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. बाजारात बोलतो ती नव्हे. २०११ साली या राज्यात मराठी भाषिक सुमारे बारा लाख नोंदले गेले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे असे घटनेचे ३५० क कलम सांगते. पण कागदावर आपण नसलोच, तर शाळा मागणार कुणासाठी?

गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दाराशी आला की त्याला चहा जरूर द्या, पण त्याने काय लिहिले ते वाचून घेतल्याखेरीज दार लावू नका.