आईचं नाव कंसात

मागच्या रविवारी या सदरात जाता जाता ‘अग्निपथ’चं नाव आलं. मुकुल आनंद यांचा, १९९० सालचा. एवढंच लिहिलं होतं की हिंदीतल्या गँगस्टरपटांमध्ये तो मला फार मोलाचा वाटतो. सोमवारपासून पत्रं आणि मेसेज सुरू झाले आणि बहुतेकांचा सूर एकच: “अहो, पण तो तर पडला होता!” एका गृहस्थांनी फोन करून मला समजावलं की ज्या सिनेमाने धंदा केला नाही त्याला चांगलं म्हणणं हा पब्लिकचा अपमान आहे. बराच वेळ वाद झाला. फोन ठेवला तरी राग काही गेला नाही, म्हणून या आठवड्याचा ठरलेला विषय बाजूला ठेवून हे लिहितो आहे.

आधी हकिकत. ‘अग्निपथ’ १९९० च्या फेब्रुवारीत लागला. निर्माते यश जोहर. अमिताभ बच्चन विजय दीनानाथ चौहान, डॅनी कांचा चीना, मिथुन नारळपाणीवाला कृष्णन अय्यर, रोहिणी हट्टंगडी विजयची आई. अपेक्षेएवढा चालला नाही. पुढे याच भूमिकेसाठी अमिताभला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, त्याच्या आयुष्यातलं पहिलं. मिथुन आणि रोहिणी हट्टंगडी यांना साहाय्यक भूमिकांसाठीचे फिल्मफेअर मिळाले. २०१२ मध्ये करण जोहरने वडिलांचा हा सिनेमा हृतिकला घेऊन पुन्हा काढला आणि तो धो धो चालला.

आता त्या पडण्याचं. मी तो लागला त्या आठवड्यात पाहिला आहे. अमिताभने या भूमिकेसाठी आवाज बदलला होता. घशातून खरवडून काढल्यासारखा, जड, जागोजागी अडणारा. पहिला संवाद झाला आणि स्टॉलमधून आरडाओरडा सुरू झाला. ऑपरेटरच्या नावाने शिव्या, बाकांवर थापा, “आवाज नीट कर रे!” बाल्कनीतली माणसंही मागे वळून केबिनच्या खिडकीकडे बघायला लागली. थिएटरची साउंड सिस्टिम बिघडली अशी लोकांची खात्रीच होती. एका नटाने एका माणसासाठी आवाज घडवला आहे हे मध्यंतरापर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि ज्यांच्या आलं ते जास्तच चिडले. गावोगावी हेच झालं. शेवटी नेहमीच्या आवाजात पुन्हा डबिंग करावं लागलं. हिंदी सिनेमाच्या सगळ्यात मोठ्या नटाने केलेली सगळ्यात धाडसी गोष्ट प्रेक्षकांनी ओरडून पुसून टाकायला लावली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

त्या आठवड्यात निकाल लागला तो सिनेमाचा नव्हताच. लोकांच्या मनात अमिताभचा हिशेब चालला होता. तो अलाहाबादहून खासदार झाला, बोफोर्सच्या गदारोळात १९८७ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडला. ‘शहेनशाह’ने लाज राखली, पण ‘गंगा जमुना सरस्वती’, ‘तूफान’, ‘जादूगर’ असे एकामागोमाग आपटले. संपला, असं म्हणायला सगळे टपलेले होते. ‘अग्निपथ’ त्या तोंडात सापडला. स्टारला घेऊन सिनेमा काढला की ही किंमत द्यावी लागते. तिकीट त्याच्या नावावर खपतं आणि मग परीक्षणही त्याच्याच नावाचं होतं. गोष्ट, जागा, बाकीची माणसं यांच्याकडे कुणी बघायला तयार नसतं.

ज्या ‘स्कारफेस’ची सावली ‘अग्निपथ’वर आहे त्याचीही १९८३ मध्ये हीच गत झाली. अल पचिनोसारखा नट असून अमेरिकेतल्या अनेक समीक्षकांनी तो झोडपला आणि ब्रायन डी पाल्माला सर्वांत वाईट दिग्दर्शकाच्या रॅझीचं नामांकन मिळालं. आज जगभर त्याची पारायणं होतात. तेव्हा ‘पडला होता’ म्हणून मला गप्प करायला येऊ नका.

आणि जागेचं काय? मांडवा! गेटवेवरून लाँच पकडून अलिबागला जाणाऱ्या प्रत्येकाला मांडव्याचा धक्का माहीत आहे. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे. सिनेमातलं मांडवा अर्थातच रचलेलं आहे, पण त्यातली कल्पना बघा. किनाऱ्यावरचं गाव, मुलांना शिकवणारा एक मास्तर, आणि त्या किनाऱ्यावरून मादक द्रव्यांचा माल उतरवायचा म्हणून गावात शिरलेला एक माणूस. मास्तर आड येतो म्हणून त्याला बदनाम करून गावाच्याच हातून मारवलं जातं. तीन वर्षांनी, १९९३ च्या फेब्रुवारीत, याच रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबई हादरली. मुकुल आनंदला भविष्य दिसलं होतं असं मी म्हणणार नाही. पण हा किनारा आणि ते शहर यांचा चोरटा संबंध काय आहे हे त्या सिनेमाला नेमकं कळलं होतं. मराठी वर्तमानपत्रांत तरी यावर कुणी चार ओळी लिहायला हव्या होत्या. गाव आपलं होतं. माझ्या वाचनात एकही आली नाही. सगळी शाई आवाजावर आणि कलेक्शनवर.

खरं म्हणजे मला मुकुल आनंदची बाजू मांडायची होती. ‘हम’ आणि ‘खुदा गवाह’ त्यानेच केले, आणि १९९७ मध्ये ‘दस’चं काम अर्धवट टाकून तो अकाली गेला. पण परवा ‘अग्निपथ’ पुन्हा लावून बसलो आणि माझं लक्ष त्याच्यावरून, अमिताभवरूनही उडालं. ते रोहिणी हट्टंगडींवर जाऊन बसलं.

जेवणाचा तो प्रसंग आठवा. मुलगा घरी आला आहे. ताट वाढलेलं आहे. आई त्याला हात धुवायला सांगते. कुठल्याही घरात रोज होणारं बोलणं. पण हे हात कशाने माखले आहेत ते तिला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. तो उसळतो, मग त्याचं ते लांबलचक स्वगत. सगळे त्या स्वगताचं कौतुक करतात आणि ते कौतुक रास्तच आहे. तुम्ही पुढच्या वेळी ते बोलणारा सोडा, ऐकणारीकडे बघा. मास्तराची विधवा आहे ती. नवऱ्याला गावाने मारलं, आणि आता मुलगा त्या माराचं उत्तर द्यायला निघाला आहे. ते उत्तर तिला नको आहे, मुलगा हवा आहे. एवढं सगळं त्या चेहऱ्यावर एकाच वेळी आहे. तिने हार मानली असती तर विजयच्या त्राग्याला काही वजनच उरलं नसतं. तो शेवटी तिच्याच मांडीवर मरतो, आणि तो शेवट पटतो तो तिच्यामुळे.

या बाईंचं वय तेव्हा काय होतं? अमिताभचा जन्म १९४२ चा, आणि त्या त्याच्याहून कितीतरी लहान. पुण्यातून राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेलेल्या, अल्काझींच्या हाताखाली तयार झालेल्या नटीने त्याची आई केली. त्याआधी १९८२ च्या ‘गांधी’मध्ये तिने कस्तुरबा केली होती, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत, आणि त्यासाठी बाफ्टा मिळवलं होतं. एवढ्या ताकदीची नटी समोर असताना बहुतेक परीक्षणांत तिच्या वाट्याला काय आलं? ‘विजयची आई’, आणि पुढे कंसात नाव.

मग ‘वास्तव’ आठवला. १९९९ चा, महेश मांजरेकरांचा. संजय दत्त रघू, संजय नार्वेकर देढफुट्या, शिवाजी साटम बाप आणि रीमा आई. रघू पावभाजीची गाडी टाकतो, एका भांडणात हातून खून होतो आणि तिथून सुटका नाही. पन्नास तोळ्यांची सोन्याची साखळी तो घरच्यांना दाखवतो, त्या प्रसंगाच्या नकला गल्लोगल्लीच्या ऑर्केस्ट्रात झाल्या, अजून होतात. संजय दत्तला त्या वर्षीचा फिल्मफेअर मिळाला. त्याने काम जीव तोडून केलं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण नकला करणाऱ्यांनी आणि परीक्षणं लिहिणाऱ्यांनी साखळी पाहिली, ती जिला दाखवली जाते तिला पाहिलंच नाही. घरात आलेल्या सोन्याकडे चाळीतली बाई कशी बघेल? तिने आयुष्यभर मंगळसूत्राच्या वाट्या जपल्या. एवढं सोनं सरळ मार्गाने येत नाही हे कळायला तिला कुणी सांगावं लागत नाही. आणि शेवटी तीच आई मुलाला गोळी घालते, कारण तो तिला ते मागतो. रीमा लागूंचा जन्म १९५८ चा, संजय दत्तचा १९५९ चा. एका वर्षाचं अंतर! ती मुलाला मारते तेव्हा हे वयाचं गणित क्षणभरही मनात येत नाही. रंगभूमीवर ‘पुरुष’ आणि ‘सविता दामोदर परांजपे’ केलेल्या बाईंकडेच ही ताकद असते.

मुंबईच्या गुन्हेगारीवरचे सिनेमे आपण गोळीबारासाठी बघतो. पण ही पोरं कुठून आली? १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षांत त्या दहा बाय बाराच्या खोल्यांत काय काय घडलं ते लालबाग-परळच्या घराघराला ठाऊक आहे. बाप घरी बसला, आई खानावळीचे डबे करायला लागली, आणि एखादा मुलगा रात्री उशिरा यायला लागला. तो कुठून येतो हे विचारायचं की नाही, हा प्रश्न त्या आईचा होता. गँगस्टरपटातली आई त्या घरातून आलेली आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करून लिहिलेलं परीक्षण मला अर्धंच वाटतं.

कुणी म्हणेल, हिंदीत आईच्या भूमिका असतातच रडक्या, त्यावर काय लिहायचं. त्यांनी ‘सत्या’ आठवावा. १९९८ चा. राम गोपाल वर्माने त्यात स्टार घेतलाच नाही. उर्मिला मातोंडकर तेवढी नावाजलेली. मनोज बाजपेयीचा भिकू म्हात्रे तेव्हा कुणाला माहीत होता? सिनेमा हळूहळू तोंडोतोंडी चढला. स्टार नसल्यामुळे समीक्षकांना सगळ्या माणसांकडे बघावं लागलं, आणि बघितल्यावर त्यांना दिसलं. भिकूची बायको प्यारी, शेफाली, मोजक्या प्रसंगांत आहे. तिला त्या वर्षीचा फिल्मफेअरचा समीक्षकांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे आमच्या समीक्षकांना नजर आहे. स्टार पडद्यावर आला की ती नजर त्याच्यावरच खिळून राहते, एवढीच माझी तक्रार आहे.

हल्ली तर शुक्रवारी दुपारीच कोटींचे आकडे फिरतात आणि शनिवारच्या परीक्षणाचा अर्धा भाग त्यातच जातो. २०१२ च्या ‘अग्निपथ’च्या वेळीही पहिल्या दिवसाच्या कमाईचीच चर्चा जास्त झाली. मिथुनचा कृष्णन अय्यर त्यातून काढूनच टाकला, याची खंत मात्र फार थोड्यांनी केली. आईची भूमिका या वेळी झरीना वहाबने केली होती. किती जणांना आठवते?

रीमाताई २०१७ मध्ये गेल्या. आता त्यांना काही विचारता येणार नाही. रोहिणीताई आहेत आणि काम करताहेत. सिनेमावर लिहिणाऱ्या तरुण मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे: ‘अग्निपथ’वर पुन्हा लिहायची वेळ आली, तर अमिताभचा तो बदललेला आवाज समोर उभं राहून ऐकताना त्यांनी काय केलं, हे एकदा जाऊन त्यांनाच विचारा. आणि ते सविस्तर छापा.